खुलासा: सुपरमॅन निळा झाला तो ‘जेनेसिस’मुळे नाही

डीसी कॉमिक्सच्या ‘जेनेसिस’ या कथामालिकेत सगळ्या सुपरहिरोंच्या शक्ती बिघडल्या आणि त्यातूनच सुपरमॅन विजेचा, निळा झाला, असं पुन्हा पुन्हा सांगितलं जातं. हे चूक आहे.

मुखपृष्ठावरचे महिने लावून बघा. निळा पोशाख ‘सुपरमॅन’च्या १२३व्या अंकात आला, मे १९९७. जॉन बर्न यांनी लिहिलेल्या ‘जेनेसिस’चे चारही अंक ऑक्टोबर १९९७चे, म्हणजे तिथे सुपरमॅन आधीपासूनच निळा आहे. (दुकानात अंक छापील महिन्याच्या आधीच यायचे, पण दोन्हींचं तसंच, त्यामुळे क्रम बदलत नाही.)

खरं मूळ १९९६च्या ‘द फायनल नाइट’ या डीसीच्याच कथामालिकेत आहे. सन-ईटर नावाचा, तारे खाणारा अंतराळी जीव सूर्य गिळतो, आणि सुपरमॅनची ताकद सूर्यप्रकाशावरच चालत असल्याने ती आटते. हॅल जॉर्डन (पूर्वीचा ‘ग्रीन लँटर्न’ हा सुपरहिरो) जीव देऊन सूर्य पुन्हा पेटवतो, तरी ती लगेच परतत नाही. पुढे सुपरमॅनचं शरीरच ऊर्जारूप होऊ लागतं. ते विखुरू नये म्हणून तो खास पोशाख. निव्वळ रंगबदल म्हणून त्याची टर उडवली जाते, हे अन्यायाचं आहे.

‘जेनेसिस’मधलं कारण वेगळंच: विश्वभर पसरलेली ‘गॉडवेव्ह’, म्हणजे या शक्तींमागची दैवी ऊर्जेची लाट, उलटी फिरते, म्हणून शक्ती डळमळतात. मूळ रूप परतलं ते १९९८च्या ‘सुपरमॅन फॉरएव्हर’मध्ये.