सनदेला भिंत मिळेना

वीस वर्षं लंडनमध्ये इंग्रजांच्या दाढा उपटल्यावर माणसाला वाटतं, आता स्वतःसाठीही काहीतरी करावं. कुणी गाडी घेतो, कुणी गुडघा बदलून घेतो. मी मानचिन्ह घेतलं, म्हणजे ‘कोट ऑफ आर्म्स’: सरदार-घराणी ढालीवर मिरवतात तसलं स्वतःचं चित्र.

ती देणारं ‘कॉलेज ऑफ आर्म्स’ सेंट पॉल्स कॅथीड्रलजवळ आहे, 1484 सालचं. कॉलेज म्हणायचं, पण ना विद्यार्थी, ना परीक्षा. तेरा अधिकारी, आणि त्यांच्या पदांची नावं ब्लूमँटल, रूज ड्रॅगन अशी. अर्ज करायचा, काही हजार पौंड भरायचे आणि वाट बघायची.

“पी हळद आणि हो गोरी,” बायको म्हणाली.

ते मी मनावर घेतलं. आम्ही सांगलीचे, ढालीवर हळद हवीच. पांढऱ्यावर पिवळी हळकुंडं सुचवली, तर अधिकाऱ्यांनी नम्रपणे मान हलवली. पिवळं म्हणजे सोनं, पांढरं म्हणजे चांदी, आणि धातूवर धातू चालत नाही. (आमच्याकडे चालतो. कुठल्याही लग्नात येऊन बघा.) शेवटी हिरव्या ढालीवर तीन सोनेरी हळकुंडं ठरली. वर शिरस्त्राण. माझ्यासारख्या साध्या गृहस्थाला ते पोलादी आणि बंद झडपेचं मिळतं. दातांच्या डॉक्टरला नेमकं मिटलेलं तोंड!

यथावकाश सनद आली. हाताने लिहिलेली, रंगवलेली, खाली फितीला लोंबणाऱ्या दोन मोहरा, म्हणजे सील. सांगलीच्या चुलतभावाला फोटो पाठवला, तर आठ दिवसांत त्याच्या दुकानाच्या टेंपोवर तीन हळकुंडं झळकली. मी फोनवर त्याला समजावलं की हे आडनावाचं नसतं, माणसाचं असतं. माझ्यानंतर माझ्या मुलांचं. “बरं, मग केस कर,” तो म्हणाला. या कामासाठी इथे एक खास कोर्ट आहे खरं, पण ते शेवटचं भरलं 1954 साली. मँचेस्टरच्या नगरपालिकेने तिथल्या एका नाट्यगृहावर दावा लावला होता, आणि त्याआधी दोनशेहून जास्त वर्षं ते बंदच होतं. टेंपो फिरतोच आहे.

तेव्हा आई आमच्याकडे आलेली होती. घरात नवीन वस्तू आली की ती आधी देवापुढे ठेवायची. सनद देवघरासमोर पाटावर ठेवून तिने करंगळीशेजारच्या बोटावर कुंकू घेतलं.

“कागद बराच जाड आहे रे.”

“कागद नाही, व्हेलम.”

“म्हणजे?”

आईशी खोटं बोलायची सवय नाही. “वासराचं कातडं.”

बोट सनदेच्या वर वीतभर अंतरावर थांबलं. तिने ते पदराला पुसलं, पाट उचलला आणि गोमूत्र आहे का म्हणून विचारलं. हॅरोमध्ये!

फ्रेमवाल्याने वेगळीच यादी दिली. मोहरा पेढ्याच्या डबीएवढ्या, म्हणून फ्रेम खोल हवी. काच रंगाला टेकता कामा नये. ऊन लागलं की रंग उडणार. दमट हवा लागली की कातडं वाकडंतिकडं होणार. वासरू गेलं तरी त्याची खोड जात नाही. बिल बघून मला पहिल्यांदाच कळलं, माझ्या खुर्चीत बसून पेशंट आ का वासतात.

मग मी फ्रेम घेऊन घरभर फिरलो. बाहेरच्या खोलीत दिवसभर ऊन. पॅसेजमध्ये रेडिएटर. जेवणाच्या टेबलाशी फोडणीची वाफ. उरलेल्या चांगल्या भिंतीवर देवघर, तिथे आई उभी. बेडरूमबद्दल बायकोने एका वाक्यात निकाल दिला: “रात्री डोळे उघडल्यावर मला ते हेल्मेट दिसता कामा नये.”

उरला जिन्याखालचा संडास. खिडकी नाही म्हणजे ऊन नाही, शॉवर नाही म्हणजे वाफ नाही, रेडिएटरही नाही. आई म्हणाली, “कातडंच ना? मग तिथेच बरं.” शेजारचे इंग्रज आजोबा तर खूश झाले. त्यांच्या मते घरंदाज लोक आपले कप आणि मानपत्रं तिथेच लावतात. सगळ्यांना दिसतात, आणि मिरवतोय असंही कुणी म्हणू शकत नाही.

गेल्या रविवारी मंडळाची माणसं जेवायला आली होती. त्यांतले एक काका संडासात गेले, ते बराच वेळ बाहेर येईनात. मी दाराशी घुटमळत होतो. आले एकदाचे, हात पुसत.

“डॉक्टर, आत आल्याचं चित्र लावलंय ते छान आहे हं. पोटाला चांगलं असतं म्हणून का?”