आमच्या नर्स पोरी आणि सेवांचा व्यापार

सेवाक्षेत्र खुलं केलं की नोकऱ्या वाढतात, असं सांगितलं जातं. वाढल्याही. २०२३-२४ मध्ये भारताची सेवा निर्यात, म्हणजे परदेशी गिऱ्हाइकांसाठी केलेली सॉफ्टवेअरसारखी कामं, ३४० अब्ज डॉलरच्या आसपास होती. पण आमच्या कोल्हापूरचं इंजिनिअर पोरगं आजही रविवारी रात्री ट्रॅव्हल्स धरून हिंजवडीला जातं. बाहेरचं काम पुण्यापर्यंत आलं, घाट उतरून इकडं फारसं आलं नाही.

मला जास्त बोलायचंय ते माणसांच्या जाण्याबद्दल. सेवा व्यापाराचा 'गॅट्स' करार १ जानेवारी १९९५ ला लागू झाला. त्यात सेवा देण्याचे चार मार्ग आहेत, त्यातले शेवटचे दोन इथं महत्त्वाचे. तिसरा, परदेशी कंपनीनं इथं येऊन धंदा थाटणं. चौथा, माणसानं तिकडं जाऊन तात्पुरतं काम करणं. तिसऱ्या मार्गावर, विम्यात आपण परदेशी भांडवलाला आधी २६ टक्के, २०१५ ला ४९ आणि २०२१ ला ७४ टक्क्यांपर्यंत मालकी दिली. चौथ्या मार्गावर श्रीमंत देशांनी सवलती दिल्या त्या मुख्यतः कंपनीनं बदलीवर पाठवलेल्या साहेबांना आणि तज्ज्ञांना. तिथं जाऊन नोकरी शोधणारा तर कराराच्या कक्षेतच येत नाही, तसं परिशिष्टात लिहूनच ठेवलंय.

माझी भाची नर्स आहे. नाईट संपवून थेट राजारामपुरीत जर्मनच्या क्लासला जाते. वहीत डेर, डी, दास ही जर्मनची तीन लिंगं तीन रंगांत लिहिलेली, डोळे तारवटलेले. जर्मनीनं २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर नेले, ही चांगलीच गोष्ट. पण तिच्या पदवीला तिथं मान्यता मिळेपर्यंत तिला मदतनीस म्हणूनच राबावं लागणार. इथं आयसीयू सांभाळणारी पोर ही! खरी अडवणूक व्हिसापेक्षा या मान्यतेत आहे, आणि त्याच फटीत एजंट लाखांची बोली लावतात.

"पोरी गेल्या तर इथल्या पेशंटकडं कोण बघणार?" असं विचारणाऱ्यांनी खाजगी दवाखान्यातल्या नर्सचा पगार आधी विचारावा. तिला अडवून ठेवायचा हक्क आपल्याला नाही.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. पुढच्या प्रत्येक व्यापार करारात पदव्यांची परस्पर मान्यता आपल्या सरकारनं अडून मागावी, जशी समोरचे बँक-विम्यासाठी अडतात. आणि भाषेचे वर्ग नर्सिंग कॉलेजातच पहिल्या वर्षापासून, सरकारी खर्चानं सुरू करावेत. आमदार-खासदारांना भेटाल तेव्हा हे नक्की विचारा.