प्रिंट नको, आधी निगेटिव्ह स्कॅन करा

जुने फोटो डिजिटल करायचे म्हटलं की बहुतेक जण अल्बम उघडतात आणि मोबाइलने प्रिंटचेच फोटो काढायला लागतात. माझं ठाम मत आहे, आधी निगेटिव्हची पाकिटं शोधा. अल्बममध्ये निवडक फोटो लागतात. ३६ च्या रोलमधले बाकीचे, वाया गेले म्हणून बाजूला टाकलेले, फक्त निगेटिव्हवर उरतात. आणि वीस-पंचवीस वर्षांनी तेच जास्त बोलतात.

साताऱ्याजवळच्या कास पठाराचंच बघा. फुलाचा क्लोजअप तेव्हाही सगळ्यांनी काढला, आजही तसाच निघतो. पण रोल संपवायचा म्हणून काढलेल्या, अर्ध्या आभाळाने भरलेल्या फोटोत रस्ता केवढा होता ते दिसतं, कुंपण नसलेलं पठार दिसतं, चरणारी गुरं दिसतात. २०१२ साली जागतिक वारसा यादीत नाव गेल्यानंतरची गर्दी पाहिलेल्या माणसाला त्या फोटोची किंमत सांगावी लागत नाही.

साताऱ्यात निगेटिव्हचा खरा वैरी पावसाळा. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते आणि फिल्मवरचं जिलेटिन, म्हणजे चित्र धरून ठेवणारा थर, खाते. पट्टीवर कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ओला कापूस अजिबात लावू नका. बुरशीने पोखरलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि चित्रच पुसलं जातं. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मेडिकलमधलं ७० टक्क्यांचं नको, त्यात उरलेलं बहुतेक पाणीच असतं. मायक्रोफायबरने, दाब न देता, एकाच दिशेने पुसा. डब्यात सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की वाळवून परत वापरा.

स्कॅनर नसला तरी अडत नाही. फ्लॅटबेड स्कॅनरवर २४०० डीपीआयला (इंचाला २४०० ठिपके) ३५ मिमीच्या फ्रेमचे जेमतेम पावणेआठ मेगापिक्सेल मिळतात, तेही फक्त हिशेबापुरते. डीएसएलआर आणि १:१ मॅक्रो लेन्स (फ्रेम सेन्सरवर खऱ्या आकारात उतरवणारी) असेल तर काम जास्त चांगलं होतं. खाली ९५ च्या वर सीआरआय (प्रकाशात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) असलेलं एलईडी पॅनल, त्यावर दुधी अॅक्रिलिक, आणि फिल्म त्यापासून दोन-तीन सेंटिमीटर वर. चिकटून ठेवली तर अॅक्रिलिकवरची धूळही फोटोत उतरते. कॅमेरा सरळ आहे का हे बघायला फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी आलं पाहिजे. हे तपासलं नाही तर एक कोपरा हमखास अस्पष्ट येतो. आयएसओ १००, एफ/८, रॉ (कॅमेऱ्याची न दाबलेली मूळ फाइल), दोन सेकंदांचा टायमर. चकचकीत बाजू लेन्सकडे ठेवा, म्हणजे चित्र उलटं येत नाही.

रंगाचं मात्र बहुतेकांचं इथेच बिघडतं. कलर निगेटिव्हला नारिंगी छटा असते. नुसतं इन्व्हर्ट केलं, म्हणजे रंग उलटे केले, की सगळं निळसर होतं. दोन फ्रेममधल्या कोऱ्या पट्टीवर व्हाइट बॅलन्स घ्या, म्हणजे तो रंग तटस्थ धरा, मग इन्व्हर्ट करा, आणि लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनल वेगवेगळे ताणा, म्हणजे प्रत्येकाचा गडद आणि उजळ टोक स्वतंत्र जुळवा.

पट्टीच्या कडा कापून टाकू नका. तिथे फिल्मचं नाव आणि १२, १२ए असे फ्रेमचे नंबर छापलेले असतात, त्यावरून फोटोंचा क्रम लागतो. वर्ष आठवत नसेल तर फोटोतच शोधा. कासला सगळीकडे जांभळी टोपली कारवी दिसत असेल तर तो सात वर्षांतून एकदा येणाऱ्या मोठ्या बहराचा हंगाम. तुरळक झाडं मधल्या वर्षीही फुलतात, त्यांच्यावर विसंबू नका. मिळालेलं वर्ष लगेच फाइलच्या नावात घाला, आणि मूळ फाइल व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका. तिथे फोटो दाबला जातो आणि आतली तारीखही जाते. पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.