डबीने नाही, या मेसेजने रिग जळेल

सांगलीहून भाचीचा फोन आला. "मामा, मी ती डबी काढून ठेवलीय. ग्रुपवर आलंय, घरी बनवलेल्या इंटरफेसने रिग जळतो म्हणून." तीन रविवार खपून तिने ती डबी, म्हणजे कंप्युटर आणि रिग (रेडिओ संच) यांना जोडणारा इंटरफेस, केली होती. हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना हातात पडल्यावरचं तिचं हे पहिलंच सोल्डरिंग. मेसेज मागवून वाचला. तोवर तो माझ्याही दोन ग्रुपांवर येऊन पडला होता, वर 'नवीन हॅमसाठी अत्यंत महत्त्वाचे' असं लिहून.

मेसेजमध्ये पाच मुद्दे आहेत. घरगुती इंटरफेस रिग जाळतो. एफटी८ला (कंप्युटरमधून सुरांच्या रूपात छोटे संदेश पाठवायचा मोड) लागणारी वेळेची अचूकता फक्त कंपनीच्या इंटरफेसमध्ये असते. कंप्युटर रेडिओला जोडायला वेगळी परवानगी लागते. घरगुती डबीतून आरएफ (रेडिओ लहरींची ऊर्जा) कंप्युटरमध्ये शिरतो. आणि शेवटी सल्ला: घरगुतीच वापरायचा असेल तर तो सिग्नल कमी देतो, म्हणून कंप्युटरचा आवाज पूर्ण वाढवा, एएलसीचा, म्हणजे जास्तीचा आवाज आवरणाऱ्या रिगमधल्या सोयीचा, काटा टोकाला गेला की सिग्नल लांब जातो.

हा शेवटचा सल्ला आधी घेतो, कारण बाकीच्या चारांनी माणूस फार तर घाबरेल, याने नुकसान होईल.

एफटी८चा सिग्नल जेमतेम ५० हर्ट्झ रुंद असतो. ७.०७४ किंवा १४.०७४ मेगाहर्ट्झवर रिग लावला की अडीच-तीन हजार हर्ट्झच्या त्या पट्ट्यात कितीतरी स्टेशनं खांद्याला खांदा लावून बसलेली वॉटरफॉलवर, म्हणजे कंप्युटरवरच्या सिग्नलच्या चित्रावर, दिसतात. तुम्ही त्या पट्ट्यात ७०० हर्ट्झवर पाठवताय आणि आवाज इतका चढवलाय की माइकच्या टप्प्यातच सूर फाटतोय, तर त्याच्या सावल्या १४०० आणि २१०० वर उमटतात. रिगचा फिल्टर त्यांना अडवत नाही, कारण त्याही त्याच पट्ट्यात येतात. तिथे कुणीतरी पाच वॉटवर, गच्चीतल्या तारेवर, तासभर एखादं लांबचं स्टेशन पकडू पाहत असतो. त्याच्या डोक्यावर तुमची सावली. आणि तुम्हाला मिळतं काय? पॉवर त्या सावल्यांत वाटली जाते, मूळ सिग्नलला त्यातून काही मिळत नाही. पीएसके३१ या दुसऱ्या डिजिटल मोडवर तर याहून वाईट. तिथे काटा हलला की सिग्नल दोन्ही बाजूंना पसरतो.

माझं ऐकू नका, ज्यांनी हा मोड केला त्यांचं ऐका. एफटी८ हा ज्यो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये आणला. टेलर म्हणजे १९९३चे भौतिकशास्त्रातले नोबेल विजेते. त्यांच्या डब्ल्यूएसजेटी-एक्स प्रोग्रामच्या मार्गदर्शिकेत सरळ लिहिलंय: सूर सोडा, पॉवरची पट्टी सगळ्यात वरून खाली ओढा, रिगची पॉवर थोडी उतरेपर्यंत. खाली ओढा म्हणतायत ते. मेसेज बरोबर उलटं सांगतोय.

आता जळण्याचं. बोलताना आपण श्वास घेतो, थांबतो, रिगला उसंत मिळते. एफटी८मध्ये १५ सेकंदांच्या खेपेतले साडेबारा सेकंद रिग सलग पूर्ण पॉवर ओततो. काटा टोकाला नेऊन १०० वॉटवर तासभर असं चालवा, पॉवर बाहेर देणारे फायनल ट्रान्झिस्टर किती तापतात ते हीटसिंकला हात लावून बघा. मी माझा १०० वॉटचा रिग ३० वर ठेवतो.

आणि डबीत आहे तरी काय? भाचीने साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत बसवलंय. मेलेल्या डायल-अप मोडेममधून काढलेले ६०० ओहमचे दोन छोटे ट्रान्सफॉर्मर, मीच पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणून दिले होते. पीटीटीसाठी, म्हणजे रिगला प्रक्षेपणावर टाकणाऱ्या स्विचसाठी, चार पायांचा पीसी८१७ ऑप्टोकपलर. हेडफोनमधून व्होल्टभर येतं, माइकला काही मिलिव्होल्टच लागतात, म्हणून १० किलोओहम आणि १०० ओहमची जोडी; ती शंभरावा हिस्साच पुढे सोडते. आवाज चुंबकातून पलीकडे जातो, पीटीटी उजेडातून. कंप्युटरच्या ग्राउंडवर एक प्रोब, रेडिओच्या ग्राउंडवर दुसरी, मीटर कंटिन्युइटीवर. तिने फोन कानाशी धरूनच तपासलं. बीप वाजली नाही, म्हणजे दोघांत तारेची थेट जोड नाही. बाजारातल्या कित्येक इंटरफेसच्या पोटातही हेच असतं.

एक गोष्ट मान्य करतो. बऱ्याच रिगच्या माइक सॉकेटमध्ये एका पिनवर ५ किंवा ८ व्होल्ट असतात. पिनांचा नकाशा न बघता टाका मारला आणि ती पिन ग्राउंडला टेकली तर रिगला इजा होऊ शकते. पण ती चूक विकतच्या डब्याची केबल स्वतः करतानाही होते. रिगचं मॅन्युअल उघडायचं आणि पिना दोनदा मोजायच्या.

वेळेची अचूकता इंटरफेसमध्ये नसतेच. ती कंप्युटरच्या घड्याळात असते, ते इंटरनेटवरून किंवा जीपीएसवरून लावून घ्या, फरक सेकंदाच्या आत राहिला की झालं.

परवानगीबद्दल: परवाना प्रक्षेपणाला लागतो. डबी काही प्रक्षेपित करत नाही. आपल्या परवान्याच्या वर्गाला कोणते बँड, कोणते मोड आणि किती पॉवर आहे ते मात्र नियमात वाचून घ्या, ते बंधन खरंच आहे.

आरएफचं म्हणणं अर्धं खरं आहे. अँटेना खिडकीला चिकटून असेल तर ४० मीटरच्या बँडवर पीटीटी दाबताच यूएसबी तुटतो, माझ्याकडे झालंय. केबलवर आरएफ अडवणारं फेराइटचं कडं चढवलं, अँटेना गच्चीच्या पलीकडच्या टोकाला नेली, थांबलं. पण विकतच्या इंटरफेसची केबलही तारच असते, तिच्यातही आरएफ असाच शिरतो. याहून खरा धोका मेसेजने सांगितलाच नाही: कंप्युटर सुरू होताना सिरियल पोर्टची पीटीटी चालवणारी आरटीएस लाइन कधी कधी वर जाते आणि रिग आपोआप प्रक्षेपण करू लागतो. म्हणून आधी कंप्युटर, मग रिग. पीटीटीच्या तारेत एक छोटा स्विच टाकलात तर उत्तम.

डबी पुन्हा जोडायला सांगितलीय. रविवारी दुपारी ती ७.०७४ वर येईल, ७०० हर्ट्झवर, २० वॉटवर. मी पुण्यात वॉटरफॉल उघडून बसतो. १४०० वर काही उमटलं तर लगेच फोन करीन.