मधुमेहाचा खेळ खळ्यात मांडा

शुगर असलेल्या अडाणी, गरीब माणसांना खेळातून शिकवावं, अशी सूचना आमच्या कोकणातल्या गावच्या ग्रुपवर आली आणि वाद पेटला. मुंबईकर म्हणाले, ॲप काढा. वडीलधारे म्हणाले, दुखण्याचा कसला खेळ मांडता? मी इंग्लंडात, लेस्टरला राहते. मला दोघांचंही पटत नाही.

इथे टाइप २ मधुमेह निघाला की ‘डेस्मंड’ नावाच्या वर्गाला पाठवतात. सहा तास, मोजकी माणसं. शिकवणारी बाई व्याख्यान देत नाही, प्रश्न विचारते. उत्तरं माणसंच शोधतात. त्याची ८२४ जणांवर चाचणी झाली, ती २००८ साली प्रसिद्ध झाली. वर्षभराने वर्गाला गेलेल्यांचं वजन, नेहमीचेच उपचार घेणाऱ्या दुसऱ्या गटापेक्षा, अधिक उतरलं होतं, आजाराची समज वाढली होती. पण तीन महिन्यांची सरासरी साखर दुसऱ्या गटापेक्षा फारशी खाली नव्हती. अशा वर्गाने किंवा खेळाने शुगर जाते असं सांगणाऱ्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नका.

तरीही खेळ हवा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात निघालं, २६.४ टक्के. आपण काही फार लांब नाही. आणि वाडीतल्या काकीला दवाखान्यात मिळतं काय? ‘भात कमी करा’ एवढं एक वाक्य. पेज किती, माशाबरोबर भात किती, आंब्याच्या दिवसांत काय, हे विचारायला ती लाजते.

ॲप तिच्या कामाचं नाही. फोन मुलाचा, अक्षरं बारीक. पण गणपतीत हाऊजीला तीच पुढे बसते ना? मग चित्रांचे पत्ते करा. एका पत्त्यावर होडीतला खलाशी: साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेतली, जेवण राहिलं, आता घाम फुटलाय, हात थरथरतायत. काय कराल? झोपवाल, की तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजाल आणि पंधरा मिनिटांनी परत बघाल? दुसऱ्यावर अनवाणी भाताची लावणी करणारी बाई, तळव्याला जखम, पण दुखत नाही. न दुखणं हेच भयंकर, कारण नसा बधिर झाल्यात. खेळात चुकलं तर डाव जातो, पाय जात नाही. आणि चूक चारचौघांत झाली की त्या चुकीवर बोलणं होतं. माझ्या मते खरं शिक्षण तेच.

फक्त एक अट घाला. पत्ते छापायला वर्गणी काढाल, त्याच वर्गणीत साखर तपासायच्या पट्ट्याही धरा, आणि गोळ्या संपल्यात म्हणून आरोग्य केंद्रातून कुणी रिकाम्या हाताने परतत असेल, तर आधी तिथे जाऊन भांडा.