'एक डोळस वाचक' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

पेट स्कॅन (शरीरात सोडलेलं किरणोत्सारी औषध कुठे साठतं याचं चित्र) आणि तशाच तंत्रांनी संसर्ग कसा बघतात, यावरच्या 'जिवंत शरीरातले जंतू बघताना' या माझ्या लेखावर 'एक डोळस वाचक' यांची प्रतिक्रिया आली आहे. ती जशीच्या तशी देतो: "पेट स्कॅनमध्ये चमकतात ते जंतू नव्हेत, सूज आलेल्या भागातल्या आपल्याच पेशी असतात. हे धूसर ठेवून वाचकांची दिशाभूल केली आहे. किरणोत्साराबद्दल एक अक्षर नाही. थुंकीच्या साध्या तपासणीत जे कळतं त्यासाठी हे चोचले कशाला? थोडा अभ्यास करून लिहावं."

शेवटच्या चार शब्दांपासून सुरुवात करतो, कारण बाकीची प्रतिक्रिया त्या चार शब्दांसाठीच लिहिलेली दिसते. मतभेदाचं मला वावडं नाही. पण टोपणनावाआडून दुसऱ्याचा अभ्यास काढायचा, हे काही मला पटत नाही. माझी उमेदीची वर्षं न्यूक्लिअर मेडिसिन विभागात, म्हणजे जिथे हे स्कॅन होतात तिथे, तंत्रज्ञ म्हणून गेली. एफडीजी या किरणोत्सारी साखरेचं इंजेक्शन दिल्यावर रुग्णाला तासभर उबदार खोलीत गप्प पडून राहायला सांगणं हे माझं काम. गप्प अशासाठी, की बोललं की स्वरयंत्राचे स्नायू ती साखर ओढून घेतात आणि चित्रात गळ्याशी ठिपका उमटतो. उबदार अशासाठी, की थंडी वाजली की मानेजवळची तपकिरी चरबी चमकायला लागते. "गळ्यात हे काय आहे?" असं डॉक्टरांनी विचारलं, की "काही नाही साहेब, पेशंट फोनवर बोलत होते," असं सांगणारा मीच. आपल्याच पेशी साखर खातात हे मला आता तुमच्याकडून शिकायचं आहे का?

तर, 'चमकतात ते जंतू नव्हेत'. बरोबरच आहे. पण मी कुठे म्हटलं की ते जंतू आहेत? (शीर्षकावर बोट ठेवू नका. शीर्षकात सगळ्या अटी-शर्ती मावत नसतात.) एफडीजी म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन-18 जोडलेली ग्लुकोजसारखी साखर. पेशी ती आत घेते, तिला फॉस्फेट जोडते आणि पुढे पचवता येत नसल्याने ती आतच अडकून पडते. जंतूंशी झुंजणाऱ्या मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल पेशींना साखरेची भूक मोठी, म्हणून त्या उठून दिसतात. कर्करोगाच्या पेशींचीही भूक तशीच, सार्कॉइडोसिस या सुजेच्या आजारातल्या गाठींचीही. म्हणून तर स्कॅननंतर सुई घालून तुकडा काढावा लागतो. यात मी काही लपवलेलं नाही.

तुम्हाला जी उणीव वाटते, तिच्यातूनच या क्षेत्रातलं सगळ्यात मोलाचं ज्ञान हाती आलं आहे. पिट्सबर्ग विद्यापीठात जोअ‍ॅन फ्लिन यांच्या गटाने क्षयाची लागण केलेल्या माकडांचे पुन्हा पुन्हा पेट-सीटी (पेट आणि क्ष-किरणांचा सीटी स्कॅन एकत्र) काढले. एकाच माकडाच्या फुप्फुसात एक गाठ विझत चाललेली आणि दुसरी फोफावत असलेली, असं त्यांना दिसलं. 2014 साली त्यांनी दाखवलं, की आजार ऐन भरात असलेल्या माकडातही काही गाठी पूर्ण निर्जंतुक झालेल्या असतात. म्हणजे लढाई गाठीगाठीत वेगळी चालते. हे थुंकीच्या बाटलीत कुठून कळणार? आणि माणसांचं म्हणाल तर, क्षयाचे उपचार पुरे करून बरे झालेल्या अनेक रुग्णांच्या फुप्फुसात स्कॅनला तरीही जागृत डाग दिसले, हा 2016 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आहे. यावर तुम्ही म्हणाल, "बघा, जंतू नसतानाही चमकतंय." मी म्हणतो, बरं झालं बघितलं.

बरं, तुम्हाला जंतूच हवेत ना? घ्या. जॉन्स हॉपकिन्समध्ये संजय जैन यांच्या गटाने एफडीजीवरच एक सोपी रासायनिक क्रिया करून एफडीएस तयार केलं. हे सॉर्बिटॉल या साखरेसारख्या पदार्थाचं किरणोत्सारी रूप. ई. कोलाय, क्लेब्सिएला असे जंतू ते खातात, आपल्या पेशी खात नाहीत. 2014 मध्ये उंदरांवरचं काम छापून आलं, पुढे रुग्णांमध्येही वापरून पाहिलं गेलं. स्टॅफिलोकॉकस या दुसऱ्या जंतूला मात्र सॉर्बिटॉलचं सोयरसुतक नाही, तेव्हा तिथे याचा उपयोग शून्य. हत्तीरोगाच्या जंतांना तर किरणोत्सारी औषधही लागत नाही. साध्या सोनोग्राफीत वृषणकोशातल्या लसीकावाहिनीत जिवंत जंत वळवळताना दिसतात. या हालचालीला डॉक्टर मंडळी 'फायलेरिया डान्स' म्हणतात. औषधाने जंत मेले की नाच थांबतो. यात सूज कुठली आणि जंत कुठला, हे डोळस माणसाला सांगावं लागू नये.

किरणोत्साराबद्दल एखादी ओळ हवी होती, हे मान्य. मी खुल्या मनाने मान्य करतो. फ्लोरिन-18 चं अर्धायुष्य सुमारे 110 मिनिटं, म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत नावापुरतंच उरतं. नेहमीच्या मात्रेत पेटचा डोस साधारण 5 ते 7 मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणारा किरणोत्सार मोजायचं एकक), सीटीचा त्यावर वेगळा. निसर्गातून जगभरात सरासरी वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतोच. फुकटचा नाही, पण घाबरून पळावं इतकाही नाही.

राहता राहिली थुंकी. मणक्याचा क्षय थुंकीत येत नाही, मेंदूच्या आवरणाचा येत नाही, लहान मुलाला थुंकी काढताच येत नाही. दर खोकणाऱ्याला स्कॅनरमध्ये घाला, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. रिफाम्पिसिन या क्षयावरच्या औषधाला किरणोत्सारी कार्बन-11 जोडून ते मेंदूतल्या क्षयाच्या जखमेपर्यंत किती कमी पोचतं, हे या 'चोचल्यां'नीच मोजलं. त्यावर तुमचं एक अक्षर नाही. माझ्या लेखात तो परिच्छेद होता. लेख शेवटपर्यंत वाचला असता तर दिसला असता.

पुढचा भाग हृदयाच्या कृत्रिम झडपेच्या संसर्गावर आहे. तिथे हृदयाचा स्नायूच साखर ओढतो, म्हणून स्कॅनआधी रुग्णाला भरपूर स्निग्ध, पिष्टमय पदार्थ टाळलेलं जेवण देऊन मग लांब उपास करायला लावतात. त्यावरही तुमची हरकत असेलच, जरूर लिहा. फक्त नावानिशी लिहा. 'डोळस वाचक' या नावाने आलेली प्रतिक्रिया इथून पुढे मंजूर होणार नाही.