वेचणीच्या दिवसांतले सकाळी अकराचे कार्यक्रम

आज दुपारी आपल्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाच्या फलकावर ऑक्टोबर ते जानेवारी या चार महिन्यांचे कार्यक्रमपत्रक लागले. ते मी उभ्या उभ्या वाचले, घरी येऊन त्याचा फोटो पुन्हा वाचला, आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. २ ऑक्टोबरला गांधी जयंती सकाळी ११ वाजता आहे. ३ ऑक्टोबरला अभिजात मराठी भाषा दिवस आणि १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आहे, तेही ११ वाजता. १४ ते २० नोव्हेंबर हा ग्रंथालय सप्ताह असून त्याचे उद्घाटन ११ वाजता, समारोप ११ वाजता आणि मधले ग्रंथप्रदर्शन ११ ते ५ या वेळेत आहे. ६ डिसेंबर, २० डिसेंबर, ३ जानेवारी आणि १४ जानेवारीपासूनचा भाषा पंधरवडा यांच्यापुढेही तोच आकडा छापलेला आहे. प्रत्येक कार्यक्रमाचा क्रमही ठरलेलाच आहे, म्हणजे प्रतिमापूजन, स्वागत, मान्यवरांची मनोगते, सत्कार, आभार आणि चहा. संपूर्ण पत्रकात ‘पुस्तक’ हा शब्द मला फक्त प्रदर्शनाच्या ओळीत सापडला, तोही ‘ग्रंथ’ होऊन.

आपल्या भागात ऑक्टोबर म्हणजे काय असते हे या पत्रकावर सह्या करणाऱ्या मंडळींना ठाऊक नाही असे नाही, कारण त्यांच्यातल्या निम्म्यांची वावरे आहेत. ऑक्टोबरात सोयाबीनची सवंगणी आणि मळणी चालू असते, वरून पाऊस येईल या धास्तीने माणूस गंजीजवळून हलत नाही. पुढे वावरात सीतादहीची पूजा होते आणि कापसाचा वेचा सुरू होतो, तो जानेवारीपर्यंत पुरतो. बाया सकाळी डबा घेऊन निघतात आणि दिवेलागणीला परततात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणून तासभर आधी निघणे म्हणजे तेवढे किलो सोडणे. मुले ११ वाजता शाळेत असतात, दुकानदार गल्ल्यावर असतात. मग त्या वेळेला उरते कोण? आम्ही सेवानिवृत्त लोक, दोन-चार पदाधिकारी, आणि शाळेतून रांगेने आणून सतरंजीवर बसवलेली मुले, ज्यांना भाषण संपेपर्यंत पाणी प्यायलाही उठता येत नाही.

मागच्या वर्षीच्या ग्रंथालय सप्ताहातली एक गोष्ट तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास मी वाचनालयावरून जात होतो. प्रदर्शनाचे सभागृह पाचलाच बंद झाले होते, पण आतला एक दिवा चालू राहिला होता. खिडकीच्या गजांना धरून एक बाई आणि तिची मुलगी उभ्या होत्या. बाईच्या कमरेला वेचणीचे फडके तसेच बांधलेले होते आणि त्याला कापसाच्या कवड्या चिकटलेल्या होत्या. मुलगी सहावीत होती, शाळेतून रांगेत आणलेल्या मुलांबरोबर ती सकाळी येऊन गेली होती. टेबलावर मांडलेले ग्रहताऱ्यांचे एक सचित्र पुस्तक तिने लांबून पाहिले होते, आणि आईला ते दाखवायला ती घेऊन आली होती. “आई, थे पाय, थे निळं,” असे ती म्हणत होती. बाईने मला विचारले, “भाऊ, हे उद्या किती वाजेलोक चालू राह्यते?” मी म्हटले, पाच वाजेपर्यंत. ती म्हणाली, “पाच वाजता तं आमी वावरातच असतो.” त्यात तक्रार नव्हती. आपल्यासाठी ही वेळ नाही, हे तिने बाजारभाव ऐकावा तसे ऐकून घेतले, आणि त्याचाच मला अधिक राग आला.

म्हणून यंदाच्या पत्रकात पुन्हा ‘११ ते ५’ वाचल्यावर मला गप्प बसवेना. वाचनालयाचा कार्यक्रम वाचकाला येता येईल अशा वेळी व्हायला हवा, आणि तो संपताना कोणाच्या तरी हातात पुस्तक जायला हवे. याव्यतिरिक्त माझे काहीही म्हणणे नाही.

ज्या रंगनाथनांचा जन्मदिवस आपण १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन म्हणून हार घालून साजरा केला, त्यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली. त्यांतले पहिलेच सूत्र पुस्तके वापरासाठी असतात हे आहे आणि चौथे वाचकाचा वेळ वाचवण्याचे आहे. त्याच १९३१ साली मद्रास इलाख्यात मन्नारगुडीला बैलगाडीतून फिरते वाचनालय निघाले होते. त्याच्याही आधी, १९१० नंतर, सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात पुस्तकांच्या पेट्या खेड्यांमध्ये फिरत होत्या. खेडोपाडी मोटारी नव्हत्या, वीज नव्हती, अशा काळात पुस्तके बंडीत बसून वाचकाकडे गेली, आणि आज आपल्या वाचनालयात वाचक स्वतः चालत येऊन खिडकीशी उभा राहतो तर दाराला कुलूप असते.

आपल्या लोकांना वाचनाची आवड नाही, मोबाईलने सगळे खाल्ले, हे वाक्य प्रत्येक समारोपात कोणीतरी बोलतेच. मोबाईलने खाल्ले, हे काही अंशी खरे आहे. पण आपली माणसे एखाद्या ठिकाणी जमत नाहीत, हे कोणत्या तोंडाने म्हणायचे? गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना खेड्याखेड्यांत अजून टिकून आहे, कारण राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी तिची वेळ शेतकऱ्याच्या घड्याळावर बसवली आणि ती सायंकाळी होते. भागवत सप्ताहाला रात्री मंडप भरतो. तिकडे चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईच्या जत्रांचे दिवस आले की रात्री पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालते, धान कापून आलेली माणसे तिकीट काढून जागतात. माणसे सैल झाली की येतात. त्यांना सैल व्हायची वेळ तरी आपण द्यावी.

आणखी एक गोष्ट मला या पत्रकात सहन झाली नाही. आपल्या वाचनालयाची साप्ताहिक सुट्टी नेमकी आठवडी बाजाराच्या दिवशी असते. आजूबाजूच्या खेड्यांतली, कोलाम आदिवासींच्या पोडांवरची म्हणजे वस्त्यांवरची माणसे आठवड्यातून त्याच एका दिवशी तालुक्याला येतात. त्यांच्या हातात पिशवी असते, खिशात थोडे पैसे असतात आणि परतीच्या गाडीला वेळ असतो, आणि त्या दिवशी आपण बंद असतो. ही सुट्टी कधी काळी कोणाच्या तरी सोयीने ठरली असेल, पण ती बदलायला शासनाचा आदेश लागत नाही, कार्यकारी मंडळाच्या एका सभेत ती बदलता येते. बाजाराच्या दिवशी दुपारी दोनपासून वाचनालयाच्या ओट्यावर नुसते एक टेबल टाकले, त्यावर वर्तमानपत्रे, शेतीची मासिके आणि मुलांची चित्रांची पुस्तके ठेवली, तर तो कार्यक्रम कोणत्याही उद्घाटनापेक्षा मोठा होईल.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण हे सगळे वाचून राग आपल्या ग्रंथपालांवर निघू नये. त्यांना आपण सर्वजण ओळखतो. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना शासन वर्गवारीप्रमाणे अनुदान देते, आणि ते अनुदान किती असते हे एकदा मनात आणावे. खेड्यातल्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला वर्षाकाठी ३० हजार रुपये मिळत होते. २०२२ मध्ये ६० टक्के वाढ झाली तेव्हा ते ४८ हजार झाले, म्हणजे महिन्याला ४ हजार, आणि त्यांतला निम्मा वाटा वेतनावर खर्चायचा असतो. शेतमजुरीला गेले तर याहून अधिक मिळेल. आपले वाचनालय वरच्या वर्गात आहे, तरी आपल्या ग्रंथपालांचे मानधन ऐकले तर मान खाली जाईल. अनुदान हप्त्यांनी येते आणि उशिराही येते, तोवर ते उधारीवर दिवस काढतात, आणि तरीही एखाद्या विद्यार्थ्याला हवे असलेले पुस्तक शोधण्यासाठी स्टुलावर चढून वरचा कप्पा उपसतात. अशा माणसाने रात्री आठपर्यंतही बसावे असे मी म्हणणार नाही. संध्याकाळी उघडायचे असेल तर सकाळचे तास कमी करावेत, आणि दोन तासांची पाळी आपण सभासदांनी वाटून घ्यावी. मी आठवड्यातल्या दोन संध्याकाळी बसायला तयार आहे.

सत्काराशिवाय देणगी मिळत नाही, असे अध्यक्षांचे म्हणणे असते, आणि ते अगदीच खोटे नाही. नव्या खोलीचे छप्पर देणगीतूनच झाले आहे. मग वर्षातून एक दिवस सत्कारांसाठी ठेवावा आणि सर्वांना शाली त्याच दिवशी द्याव्यात. पण सावित्रीबाईंच्या जयंतीला, ज्या दिवशी गावातल्या एखाद्या मुलीला वाचनालयाचे पहिले सभासदत्व मिळायला हवे, त्या दिवशी एक तास पुरुषांनी पुरुषांना नारळ द्यायचे, हे मला मान्य नाही. आणि २० डिसेंबरला गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला पाहुण्यांच्या गाडीभाड्यावर आणि फलकावर पैसे घालवायचे? ज्या माणसाने आपले कीर्तन रात्री, लोक जमतील तेव्हा, लोकांना प्रश्न विचारत केले आणि जेवायचे ताट विकावे लागले तरी मुलाला शिकवा असे सांगितले, त्यांच्या नावाने असे करायला मन कसे धजते, मला खरोखर कळत नाही. या ओळी लिहिताना माझा हात थरथरतो आहे.

त्यातही सभागृह आणि अभ्यासिका एकच आहे, हे सगळे विसरतात. पोलीस भरती, तलाठी भरती, राज्यसेवा यांची तयारी करणारी मुले सकाळी सातला येऊन बसतात. घरी एक खोली, त्यात दूरदर्शन संच आणि म्हातारे आजारी माणूस, म्हणून ती येथे येतात. ११ च्या प्रत्येक कार्यक्रमाला त्यांना उठवून खुर्च्या लावायला लावतात. परीक्षा तोंडावर असताना एका मुलाने ध्वनिक्षेपकाचा आवाज कमी करायला सांगितले, तर त्याला शिस्त शिकवण्यात आली. तो मुलगा नंतर आलाच नाही.

मग काय व्हावे, असे विचाराल तर माझ्या मनात पुष्कळ आहे. ग्रंथालय सप्ताहातले प्रदर्शन संध्याकाळी ६ ते ९ ठेवावे आणि मांडलेले प्रत्येक पुस्तक त्याच टेबलावरून घरी नेता यावे. त्या मुलीला ते निळे पुस्तक काचेतून पाहायचे नव्हते, उशाशी ठेवायचे होते. रविवारी सायंकाळी लहान मुलांसाठी गोष्टींचा तास व्हावा, आणि गोष्टी सांगायला पाहुणे न आणता गावातल्याच आज्या बोलवाव्यात. आपल्या तालुक्यात कोलामांचे पोड आहेत. कोलामी भाषेत गोष्ट सांगणारी म्हातारी माणसे अजून आहेत, ती गेली की त्या गोष्टी कोणत्याही कपाटात सापडणार नाहीत. मराठी अभिजात ठरल्याचा आनंद आपण ३ ऑक्टोबरला साजरा करतो, तो करावाच, पण त्या दिवशी वऱ्हाडीत वाचणारा आणि कोलामीत बोलणारा एक तरी माणूस मंचावर असावा.

आणि फवारणीआधी, जुलै महिन्यात, एक संध्याकाळ कीटकनाशकाच्या डब्यावरचे लेबल वाचायला द्यावी. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण कोणीच विसरलेलो नाही. लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा, एवढे जरी प्रत्येक फवारणाऱ्याला ठाऊक झाले तरी तो वाचनाचाच कार्यक्रम ठरेल. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातला एखादा जाणकार त्यासाठी बोलवावा, त्याचे भाडे द्यायला मी प्रथम वर्गणी देईन. वाचता येणे जिवाशी कसे गाठलेले असते, हे सांगायला याहून मोठे व्याख्यान लागत नाही.

ती बाई पुन्हा दिसली का, असे आज बायकोने विचारले. दिसली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बाजारात ती भेटली, मुलगी सोबत होती, तान्ह्या पोळ्यासाठी धाकट्या भावाला लाकडी बैल घ्यायला आल्या होत्या. मी मुलीला म्हटले, चल, वाचनालयात नाव लिहू. ती उठली सुद्धा. पण तो बाजाराचा दिवस होता, आणि दाराला कुलूप होते. तेथे उभा असताना मला त्या पोरीच्या डोळ्यांकडे पाहवत नव्हते.

एवढे लिहून झाल्यावर राग थोडा उतरला आहे, आणि माणसे वाईट नाहीत हेही दिसते आहे. अध्यक्षांनी या वास्तूसाठी स्वतःच्या खिशातून घातलेले पैसे मला माहीत आहेत, आणि पत्रक केवळ मागच्या वर्षीचे समोर ठेवून उतरवले गेले असणार. त्यामुळे भांडण न करता लेखी अर्ज द्यावा, असे मी ठरवले आहे. येत्या रविवारी सकाळी कार्यकारी मंडळाची सभा आहे. अर्जात तीनच मागण्या असतील. साप्ताहिक सुट्टी बाजाराच्या दिवसावरून हलवावी, ग्रंथालय सप्ताहाचे प्रदर्शन संध्याकाळी ठेवून तेथूनच पुस्तके द्यावीत, आणि अभ्यासिकेतल्या मुलांना कोणत्याही कार्यक्रमासाठी उठवू नये. ज्यांचे सभासदत्व चालू आहे त्यांनी शनिवारी संध्याकाळी सातनंतर माझ्या घरी सही करायला यावे, आणि ज्यांची वर्गणी थकली आहे त्यांनी ती आधी भरावी, म्हणजे सहीला हरकत निघणार नाही. संध्याकाळची पाळी घेण्याची ज्यांची तयारी असेल त्यांनी आपला वार खाली लिहावा. मंगळवार आणि शुक्रवार माझे आहेत.